डान्स कार्ड: बॉलरूममधल्या बायकांचं चांदीचं, मिनाकामाचं लटकन

रेशीमकाठ

जुन्या चांदीवर इथे पुष्कळ लिहून झालंय, पण बहुतेक धागे करंडे, अत्तरदाण्या आणि पानदानांपाशी थांबतात. मला एका वेगळ्या चिमुकल्या वस्तूबद्दल बोलायचंय. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायका बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, जाताना बोटाला, मनगटाला किंवा कमरेला अडकवून न्यायच्या ते डान्स कार्ड. फ्रेंच लोक त्याला कार्ने द बाल म्हणत. साधी असतील तर छापील पुठ्ठ्याची, हौशीची असतील तर चांदीची आणि त्यावर मिनाकाम केलेली.

आधी उपयोग सांगते. बॉल म्हणजे आखलेला कार्यक्रम. कितव्या क्रमांकाला कुठला नाच हे आधीच ठरलेलं असायचं: क्वाड्रिल, वॉल्ट्झ, पोल्का, गॅलप, मध्ये जेवण, मग पुन्हा वॉल्ट्झ. देशागणिक यादी बदलायची, पण रात्रीत वीसेक नाच सहज व्हायचे. पुरुषाने यायचं, रीतसर ओळख करून घ्यायची आणि एखादा नाच मागायचा. ती हो म्हणाली की त्या क्रमांकापुढे त्याचं नाव. कधी तो लिहायचा, कधी ती. एकाच माणसाचं नाव तीन-चारदा दिसलं तर लोक लग्नाचा अंदाज बांधायला मोकळे. एकाला नाही म्हटलं तर त्याच नाचाला दुसऱ्याला हो म्हणायचं नाही, सरळ बसून राहायचं, हाही नियमच. आणि नाव लिहून ज्याने वेळेवर तोंड दाखवलं नाही त्याची सगळीकडे छी-थू व्हायची. इतकं सगळं डोक्यात ठेवण्यापेक्षा हातात वही असलेली बरी.

मी व्हिएन्नात राहते, आणि ही वस्तू समजून घ्यायला याहून चांगलं गाव नाही. 1814-15 च्या व्हिएन्ना काँग्रेसच्या वेळी इथे वॉल्ट्झने जोर धरला आणि पुढची शंभर वर्षं हे शहर हिवाळाभर नाचत राहिलं. प्रत्येक व्यवसायाचा आपापला बॉल. पत्रकारांच्या कॉन्कॉर्डिया संघाचा 1863 पासून, शहराचा स्वतःचा राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीत, 1890 पासून. दारातून आत शिरणाऱ्या प्रत्येक स्त्रीला यजमानांकडून भेट मिळायची, तिचं नाव डामेनश्पेंडे. बरेचदा ती भेट म्हणजेच डान्स कार्ड, आणि त्याचा आकार यजमानांच्या व्यवसायाला साजेसा. कातडं, मखमल, पितळ, शिंपला, काही म्हणता काही सोडलं नाही कारागिरांनी.

आता प्रत्यक्ष नगाकडे येते. माझ्या घरमालकीणबाईंकडे त्यांच्या पणजीचा एक आहे. त्यांनी तो मला टेबलावर मऊ कापड अंथरून, खिडकीपाशी बसून हवा तितका वेळ पाहू दिला. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी. दोन्ही बाजूंना चांदीची झाकणं, त्यांवर मोरपिशी निळा पारदर्शक मीना. मिन्याखाली मधोमध एक बिंदू आणि त्यातून निघालेले शेकडो नागमोडी किरण कोरलेले आहेत. नग जरासा कलला की ते किरण फिरल्यासारखे वाटतात, जणू आत पाणी आहे. कडेने पांढऱ्या मिन्याची बारीक रेघ. आत पाच पातळ पानं, सगळी एका टोकाला एकाच खिळ्यात ओवलेली, त्यामुळे पंख्यासारखी पसरतात. सगळ्यात सुंदर गोष्ट पेन्सिल. काडीएवढी बारीक, चांदीच्या नळीतली. झाकणांच्या कडेला छोट्या नळकांड्या आहेत, पेन्सिल त्यांतून सरकवली की वही कडीसारखी बंद होते. म्हणजे लिहायला पेन्सिल काढल्याशिवाय वही उघडतच नाही, आणि वही बंद करायची तर पेन्सिल जागेवर ठेवावीच लागते. पेन्सिल हरवू नये यासाठी याहून नेटका उपाय मला तरी सुचत नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. या महागड्या वहीत एकही नाव नाही. पानं पुसता येणारी आहेत. रात्री लिहायचं, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायचं, पुढच्या बॉलला वही पुन्हा कोरी. त्याच कपाटात एका खोक्यात पणजीबाईंची पुठ्ठ्याची डान्स कार्डंही आहेत, रेशमी गोंडे विटलेले, कोपरे दुमडलेले. त्यांवर मात्र सगळं जसंच्या तसं: नाचांची छापील नावं, पुढे घाईघाईत लिहिलेली आडनावं, एका वॉल्ट्झपुढे खोडून वर लिहिलेलं दुसरंच आडनाव. एका कार्डावर जेवणानंतरचे सगळे रकाने रिकामे. लवकर घरी गेल्या असतील, पाय दुखला असेल, काय असेल ते. लिलावात मोल चांदीला येतं, पुठ्ठ्याची कार्डं कवडीमोलाने जातात किंवा रद्दीत. त्या रात्री जिवंत आहेत त्या पुठ्ठ्यावर, आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. चांदीचं कार्ड मिळालं तर त्याच घरातली कागदी कार्डं आहेत का हे आवर्जून विचारा. एकदा दोन्हींची ताटातूट झाली की कुणाची कुठली हे पुन्हा कधीच जुळत नाही.

दिवेलागण

किती सुरेख लिहिलंयस! पेन्सिलीची कडी वाचून थक्क झाले. एक शंका: एक हात जोडीदाराच्या खांद्यावर, दुसरा त्याच्या हातात. मग ही वही नाचताना जायची कुठे?

रेशीमकाठ

दिवेलागण, म्हणूनच ती लटकन झाली. वरच्या टोकाला कडी, कडीत साखळी, साखळीच्या दुसऱ्या टोकाला अंगठी किंवा बांगडीएवढं कडं. अंगठी बोटात घातली की वही तळव्याच्या मागे लोंबत राहते. पुठ्ठ्याच्या कार्डांना साखळीऐवजी रेशमी गोफ असायचा, तो मनगटाला बांधायचा.

दुसरी जागा कमर. इंग्लंड-फ्रान्समध्ये कमरपट्ट्याला अडकवायचा शातलेन नावाचा दागिना होता. वर एक नक्षीदार आकडा आणि खाली साखळ्यांना कात्री, सुईघर, किल्ली, अत्तराची कुपी, वही. आपल्याकडे घरधनिणीच्या कमरेला किल्ल्यांचा चांदीचा छल्ला असायचा ना, तोच थाट. दिवसा शातलेनला घरातली हत्यारं, रात्री बॉलला जाताना तीच वही आणि अत्तर.

मूस_भट्टी

मी चांदीकामातला. हुपरीत वाढलो, आता कोल्हापुरात मिनाकाम करतो. ताईंनी निळ्या मिन्याचं वर्णन केलंय, त्यामागचं काम सांगतो, म्हणजे असा नग हातात आला तर काय बघायचं ते कळेल.

ताईंना दिसले ते नागमोडी किरण हाताने कोरलेले नसतात. रोझ इंजिन नावाच्या लेथवर पत्रा फिरवत, पुढेमागे डोलवत छिन्नीने एकेक चर पाडतात. या कामाला गियोशे म्हणतात. त्यावर पारदर्शक मिन्याची, म्हणजे रंगीत काचेची, पूड पाण्यात कालवून पातळ थर द्यायचा, वाळवायचा, साधारण 750 ते 850 अंश सेल्सिअसच्या भट्टीत मिनिट-दोन मिनिटं ठेवायचा. काच वितळून बसते. मग दुसरा थर, पुन्हा भट्टी. चार-पाच वेळा तरी. चर खोल तिथे काच जाड आणि रंग गडद, उथळ तिथे फिकट. पाणी हलल्याचा भास येतो तो यातून.

खरी कसोटी चांदीची. शुद्ध चांदी 962 अंशांना वितळते, पण तांबं मिसळलेली स्टर्लिंग त्याच्या बरीच आधी, 800 च्या जरा वरच, ढिली पडायला लागते. म्हणजे मीना बसायची उष्णता आणि पत्रा बसकण मारायची उष्णता एकमेकींना खेटून. वरून मिश्रणातलं तांबं तापून काळं पडतं आणि पारदर्शक मिन्याखाली डाग दिसतो. म्हणून पत्रा पुन्हा पुन्हा तापवून, आम्लात टाकून वरचं तांबं काढून टाकतात. तेव्हा कुठे वर शुद्ध चांदीची पांढरी साय येते. झाकण सपाट असेल तर आतल्या बाजूलाही मीना द्यावा लागतो, नाहीतर थंड होताना पत्रा वाकून वरची काच तडकते.

अशा वस्तू निळ्या-हिरव्या जास्त का दिसतात, यालाही कारण आहे. पारदर्शक लाल आणि गुलाबी मीना थेट चांदीवर दिला तर रंग बिघडून पिवळट-तपकिरी होतो. मध्ये बिनरंगी काचेचा थर द्यावा लागतो किंवा सोन्याचा वर्ख. खर्च वाढतो, वेळही. त्यामुळे स्वच्छ गुलाबी मिन्याचं जुनं डान्स कार्ड दिसलं तर कारागीर तयारीचा होता हे समजून घ्या.

आणि एक हात जोडून विनंती. मिन्यावर कपचा उडाला असेल तर कुणाही सराफाला झाळायला देऊ नका. ज्योत लागली की उरलेली काचही जाते. अल्ट्रासोनिक यंत्रात धुवायचं नाही. आत तडा असेल तर तो तिथेच पसरतो.

दिवेलागण

मूस_भट्टी दादा, नुसत्या डोळ्यांनी खरा मीना आणि हल्लीचा रेझिनचा लेप ओळखता येतो का?

मूस_भट्टी

ओठाला लावून बघा. काच गार लागते, रेझिन चटकन कोमट होतं. भिंगाखाली जुन्या मिन्याची झीज कडांना कपच्यांच्या रूपात दिसते, रेझिनवर चरे आणि घासल्याची धूसर साय. गरम सुई टोचून बघा असं कुणी सांगेल, तसलं काही करू नका, दुसऱ्याचा नग असेल तर मुळीच नाही.

घाटमाथा

धागा अप्रतिम. पण पानं कशाची आहेत यावर स्पष्ट बोलायला हवं, कारण इथले बरेच जण परदेशातून मागवतात.

अशा वह्यांची जुनी पानं बहुतेक वेळा हस्तिदंताची असतात. गुळगुळीत, शिसं धरतात आणि पुसताही येतात म्हणून. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 आणि 1991 साली दुरुस्त्या होऊन आधी देशी आणि मग आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. आंतरराष्ट्रीय व्यापारातही आशियाई हत्ती 1975 पासून आणि आफ्रिकी हत्ती 1990 पासून सर्वांत कडक यादीत आले. ब्रिटनचा 2018 चा हस्तिदंत कायदा 6 जून 2022 पासून लागू आहे. त्यात 1947 च्या आधीच्या वस्तूत हस्तिदंत आकारमानाने 10 टक्क्यांहून कमी असेल तर नोंदणी करून विकता येते. पातळ चांदीच्या झाकणांमध्ये पाच पानं म्हणजे हे प्रमाण सहज ओलांडलं जातं. थोडक्यात, पानं हस्तिदंताची असतील तर ‘शंभर वर्षं जुनं आहे, चालतं’ असं विक्रेत्याने सांगितलं तरी भारतात मागवू नका. पार्सल जप्त होईल हा मुद्दा वेगळाच, पण त्या पाच पानांसाठी एक जनावर गेलंय आणि त्या बाजाराला आज पुन्हा पैसा पुरवायचं काही कारण नाही.

पर्याय आहेत. 1870 नंतर सेल्युलॉइड आलं, ते दिसायला हुबेहूब. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. त्यावरच्या रेषा फार सारख्या, आखल्यासारख्या असतात. खऱ्या हस्तिदंतात त्या कमी-जास्त होतात. हाडाच्या पानांवर बारीक काळपट ठिपके दिसतात. सेल्युलॉइड झटकन पेटतं, तेव्हा देव्हाऱ्याजवळच्या कपाटात ठेवू नका.

रेशीमकाठ

घाटमाथा, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. घरमालकीणबाईंच्या नगाची पानं हस्तिदंताचीच आहेत. तो त्यांच्या घरातच राहणार, विकायचा प्रश्नच नाही. बघायला वस्तुसंग्रहालयं आहेत, आणि घरी हवंच असेल तर कागदी कार्डं घ्या, त्यांना कायद्याची अडचण नाही.

तळटीप

छापांबद्दल थोडं भर घालतो. चांदी कुठली आणि साधारण कधीची हे पेन्सिलीच्या नळीवर किंवा कडीवर कोपऱ्यात ठोकलेल्या ठशांवरून कळतं. ठसे इतके बारीक असतात की दहापट भिंगाशिवाय वाचता येत नाहीत.

इंग्लिश नगावर चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात 925 भाग चांदी. सोबत गावाची खूण: बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर, लंडनची बिबट्याचं तोंड. शिवाय वर्षाचं अक्षर. राजा-राणीचं डोकं असेल तर नग बहुधा 1890 किंवा त्याआधीचा. या छोट्या वस्तूंचं मोठं केंद्र बर्मिंगहॅम, तिथलं चांदी तपासणी कार्यालय 1773 पासूनचं. पॅरिसच्या लहान चांदीवर रानडुकराचं डोकं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मोठ्या नगांवर 1867 नंतर डायना देवीचं डोकं. जर्मनीत 1888 पासून चंद्रकोर, मुकुट आणि बहुधा 800 आकडा. रशियन नगावर 84, म्हणजे आपल्या हिशोबात 875.

झाकणावरचा आणि पेन्सिलीवरचा ठसा वेगवेगळ्या देशांचा असेल तर पेन्सिल बहुधा नंतर जुळवलेली आहे असं समजा. हरवतं ते पेन्सिलच, म्हणून विक्रेते सापडेल ती घालून देतात.

मुलुंडची_चिमणी

मी एका विक्रेत्याकडे निळ्या मिन्याचा ‘डान्स कार्ड’ म्हणून एक पाहिलाय. पानांवर वरती इंग्रजीत सोमवार ते शनिवार कोरलंय. घ्यावा का?

तळटीप

चिमणी, ती रोजची टिपणवही. भेटीगाठी, खरेदी, देणं-घेणं लिहायची, रविवार चर्चचा म्हणून सुट्टी. बॉलला कुणी नेलीच नसेल असं म्हणवत नाही, पण बनवली त्यासाठी नव्हती. पानांवर वार असतील तर टिपणवही, आणि पानं कोरी असतील तर दोन्हींपैकी काहीही. पानं हस्तिदंताची असतील तर घाटमाथांनी वर सांगितलंच आहे.

आणखी एक घोटाळा होतो. 1910-20 च्या सुमारास, विशेषतः अमेरिकेत, मिनाकामाच्या चांदीच्या पेट्या निघाल्या. बोटात घालायची अंगठी, साखळी, आत पावडर, नाणी ठेवायच्या दोन खोबणी, आरसा आणि एखादं टिपणाचं पान. त्याही सर्रास डान्स कार्ड म्हणून विकतात. सुंदर आहेत, पण पावडरीची जागा आणि नाण्यांच्या खोबणी दिसल्या की ती शृंगारपेटी. भाव त्याप्रमाणे द्या.

सासष्टीकर

आमच्या गोव्यातल्या सासष्टीतल्या जुन्या घरांत नाचाच्या मोठमोठ्या खोल्या आहेत. चांदोरच्या ब्रागांझा घरातली संगमरवरी फरशीची आणि झुंबरांची तर प्रसिद्धच आहे. हा धागा वाचताना एक विचार मनात आला तो लिहितो.

त्याच शतकात, त्याच युरोपीय नाचांच्या सावलीत, याच घरांमध्ये मांडो हा गाण्या-नाचाचा प्रकार घडला. कुडतरी, लोटली, चांदोर, मडगाव. पण मांडोत स्त्रिया एका रांगेत, पुरुष समोरच्या रांगेत. बायकांच्या हातात पंखा, अंगावर पानो-बाजू हा पोशाख. घुमट हे मातीचं तालवाद्य आणि व्हायोलिन यांच्या साथीने रांगा जवळ येतात, एकमेकींतून ओलांडतात, पुन्हा लांब जातात. मिठीत घेऊन नाचणं नाही. अमुक नाच अमुक पुरुषासाठी राखून ठेवायचा प्रश्नच आला नसावा. प्रेम, विरह सगळं शब्दांत आणि पंख्याच्या हालचालीत. व्हिएन्नाच्या बाईच्या हातात यादी होती, आमच्या पणजीच्या हातात पंखा. मला हा फरक फार बोलका वाटतो.

दिवेलागण

सासष्टीकर, काय सुंदर लिहिलंत! मला मात्र डान्स कार्डबद्दल मनात अढी आहे. पुरुषाने येऊन मागायचं, बाईने वाट बघायची, आणि कुणी आलंच नाही तर रिकामी वही हातात धरून भिंतीपाशी बसायचं. सगळ्या सभागृहासमोर तिची किंमत लटकवलेली. ते मिनाकाम कितीही देखणं असलं तरी मला त्यात तो जाच दिसतो.

रेशीमकाठ

जाच होता, यात दुमत नाही. बाईने विचारायचं नाही हा नियम क्रूरच होता, आणि ज्या खोक्याबद्दल लिहिलं त्यातली रिकाम्या रकान्यांची कार्डं पाहताना मलाही कसंतरी झालं. पण एक बाजू राहते. आई, मावशी, यजमानीणबाई सगळ्यांच्या नजरेखाली वावरणाऱ्या मुलीजवळ ‘हा नाच दिलेला आहे’ म्हणायला लेखी आधार होता. नको असलेल्या माणसाला टाळायला ती आधीच भाऊ-चुलतभावांची नावं लिहून ठेवू शकायची. खोडून वर दुसरं आडनाव आलेलं ते कार्ड मी म्हणूनच इतक्या वेळा पाहिलं. तिथे कुणीतरी मन बदललंय, आणि ते तिने बदललं असावं असं मला मनापासून वाटतं. चौकट तिची नव्हती. पेन्सिल तिच्या साखळीला होती एवढं खरं.

मेपलची_पानं

इकडे अमेरिकेत विद्यापीठांच्या जतनकक्षांत कागदी डान्स कार्डं ढिगाने आहेत. मुलींनी कॉलेजच्या आठवणींच्या वह्यांत चिकटवलेली, गोंड्यासकट. रेशीमकाठचा मुद्दा इथेही तंतोतंत लागू: कागद राहिला.

प्रथा मागे पडली ती पहिल्या महायुद्धानंतर. फॉक्सट्रॉट आले, जॅझ आलं, नाचणाऱ्या पुरुषाच्या खांद्यावर थाप मारून मध्येच जोडीदारीण मागायची पद्धत रुळली. यादी आधी करण्यात अर्थच उरला नाही. पुढे तर रात्रभर एकाच जोडीदाराबरोबर नाचणं रीतीचं झालं.

मूस_भट्टी

ताई, त्या हस्तिदंती पानांवर मळ असेल तर घरमालकीणबाईंना सांगा, पाण्यात बुडवून धुवायची नाहीत. पाणी प्यायलं की पान वाकतं आणि खिळ्यापाशी चीर जाते. चांदीलाही पावडर लावायची नाही, ती मिन्याच्या कडेत अडकून बसते. कोरडं मऊ सुती कापड पुरे.

रेशीमकाठ

सांगते, आजच सांगते. तिरप्या उजेडात त्या पानांवर जुन्या लिखाणाचे बारीक ओरखडे दिसतात, वाचता येत नाहीत, पण आहेत. ते तरी राहतील.

मुलुंडची_चिमणी

या फेब्रुवारीत कामासाठी व्हिएन्नाला येतेय. बघायला कुठे जाऊ?

रेशीमकाठ

अगदी योग्य वेळी येतेयस, तेव्हा बॉलचा हंगाम भरात असतो. कार्ल्सप्लाट्झवरच्या व्हीन म्युझियमकडे डामेनश्पेंडेंचा मोठा संग्रह आहे. ते नूतनीकरणानंतर डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा कायमच्या प्रदर्शनाला तिकीट नव्हतं. संग्रहातलं सगळंच मांडलेलं नसतं, तेव्हा येण्याआधी त्यांना लिहून विचार. डोरोथेउम हे 1707 पासूनचं लिलावघर आहे, तिथे लिलावाआधी मांडलेले नग कुणालाही पाहता येतात. शनिवारी नाशमार्क्टच्या शेजारी जुना बाजार भरतो, सकाळी लवकर ये, पुठ्ठ्याची कार्डं तिथे खोक्यांत मिळतात. ऑपेरा बॉल अ‍ॅश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीच्या गुरुवारी असतो, आणि तिथे आजही प्रत्येक स्त्रीला डामेनश्पेंडे मिळते. तारखा कळव, बाजारात मी बरोबर येईन.